काचेवर काही नाही

(भर दुपार. आतल्या खोलीत पोर निजलंय. बाहेर जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून तो कॅमेऱ्याची लेन्स पुसतोय, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे. लेन्सचं टोपण टेबलावरून घसरतं, फरशीवर गरगरत भिंतीपर्यंत जातं आणि टकटकत आडवं होतं.)

ती : उठवा, उठवा तिला. आत्ता कुठे डोळा लागला होता.

तो : अगं, टोपण पडलं. मी काय ढोल बडवला?

ती : थांबा... नाही. कूस बदलली नुसती. निजली.

तो : बघ. उगाच माझ्या नावानं.

ती : जेवलाही नाहीत. ताट झाकून ठेवलंय कधीचं.

तो : हे एवढं झालं की बसतोच.

ती : सकाळी हेच म्हणालात. काल पण हेच. त्या काचेला आंघोळ तरी किती घालायची? लेकीला इतकं न्हाऊ घातलं असतंत तर विरघळून गेली असती पोर.

तो : विरघळतेय कसली. तुझ्यावर गेलीय. चिवट आहे.

ती : आणि स्टुडिओ? आज कुलूपच?

तो : दुपारचं कोण येतंय फोटो काढायला.

ती : अहो, एक विचारू?

तो : परवानगी कधीपासून लागायला लागली तुला?

ती : धूळ बसली तर खरंच किती फरक पडतो हो?

तो : कशावर?

ती : लेन्सवर. आणखी कशावर?

तो : हे तू मला विचारतेस? लग्नाआधी माझ्याच काउंटरवर बसायचीस. पाठ होतं सगळं तुला.

ती : होतं. पोर झाली आणि डोक्यात दूध नि दुपटी भरली. सांगा ना. पुसता पुसता सांगा.

तो : फरक पडत नाही. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, पण नाही पडत. पुढच्या काचेवरची धूळ फोटोत येतच नाही. इतकी जवळ असते की कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. तुझ्या नाकाच्या शेंड्यावर कण बसला तर तुला तो दिसतो का नीट? तसंच. फार तर उन्हात फोटो जरा धुरकट येईल, बस.

ती : एवढंच?

तो : एवढंच. मला काम शिकवलं त्या मास्तरांच्या लेन्सला तर चरा होता. केसाएवढा, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच लेन्सनं त्यांनी अर्ध्या गावाची लग्नं काढली. कुणाच्या संसाराला तडा गेला नाही.

ती : काहींच्या गेला असेल.

तो : गेला असेल, पण त्याला लेन्स जबाबदार नव्हती. अगं, एकदा काय झालं, एक गृहस्थ फोटो घेऊन परत आले. तणतणत. म्हणे, तुमची काच घाण आहे, माझ्या कपाळावर हा काळा डाग कसला? आता त्यांच्या कपाळावर चामखीळ. वाटाण्याएवढी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, खरंय साहेब, माफ करा. खिशातून रुमाल काढला, लेन्स पुसल्यासारखी केली, साहेबांना पुन्हा बसवलं, फोटो काढला आणि आत जाऊन फोटोतली चामखीळ उडवून दिली. गृहस्थ खूश. वर हात जोडून गेले.

ती : आणि मास्तर?

तो : मला म्हणाले, पोरा, काच पुसायची नसते, गिऱ्हाईक पुसायचं असतं.

ती : माणसाला डाग काचेवरच हवा असतो.

तो : हवाच असतो. स्वतःच्या तोंडावर कुणाला हवाय?

ती : आणि धूळ आत शिरली तर? कॅमेऱ्याच्या आत?

तो : ती वाईट. जिथे चित्र उमटतं तिथेच कण बसला की काढाल त्या फोटोत ठिपका. आकाशात ठिपका, भिंतीवर ठिपका, नवरीच्या गालावर ठिपका. पण तोही बिचारा शहाणा असतो. बसली जागा सोडत नाही. वरच्या कोपऱ्यात बसला की जन्मभर वरचा कोपरा.

ती : म्हणजे धूळ माणसाच्या मागे मागे फिरत नाही.

तो : हे कुठून काढलंस?

ती : तुमचंच वाक्य. काउंटरवर शिकवताना म्हणाला होतात. फोटोत डाग दिसला की आधी दुसरा फोटो बघ. डाग जागच्या जागी असला तर आपला. माणसाबरोबर हलला तर माणसाचा.

तो : म्हणालो असेन.

ती : आणि दुसरं? धुळीनं काच मरत नाही, पुसण्यानं मरते.

तो : ते मास्तरांचं.

ती : असू दे मास्तरांचं. आधी रबरी फुगा दाबून हवा मारायची, मग ब्रश फिरवायचा, मग लिक्विडचा थेंब कापडावर टाकायचा, काचेवर नाही. कण न उडवता कापड लावलं तर त्या कणांचाच पॉलिशपेपर होतो. आहे ना पाठ?

तो : आहे.

ती : मग ती लेन्स जरा उजेडात धरा. इकडे, खिडकीकडे... मध्ये काय झालंय?

तो : कुठे काय.

ती : वरचा निळसर थर उडालाय. मधोमध. अंगठ्याएवढा. गिऱ्हाइकाच्या पोरानं नुसतं बोट लावलं तर अंगावर धावून जाता तुम्ही, आणि हे तुमच्या हातनं झालंय?

तो : जुनी झाली होती ती.

ती : कसली धूळ काढताय?

तो : बारीक आहे. तुला नाही दिसायची.

ती : मला दिसली. म्हणून तर विचारतेय. हा फोनवरचा फोटो बघा.

तो : काय आहे?

ती : बालवाडीच्या बाईंनी काढलाय. आणायला गेले तेव्हा मला बाजूला घेतलं, म्हणाल्या पोरीला घरी निजवा आणि मग हे नीट बघा दोघं. सगळी पोरं भिंतीशी उभी केलीत. खोलीत अंधार होता म्हणून फ्लॅश मारला.

तो : फोनचे फ्लॅश म्हणजे शुद्ध भिकार. बघ, सगळ्यांचे डोळे लाल. भुतांची शाळा वाटतेय.

ती : सगळ्यांचे लाल. आपल्या चांदणीचा उजवा लाल. डावा?

तो : फोनच्या काचेवर ठसे असतात बोटांचे. बाई खडू धरणार, त्याच हातानं—

ती : डावा कुठल्या रंगाचा आहे?

तो : खडूची पूडच ही. पांढरी असते.

ती : ती पूड सगळ्या पोरांना सोडून हिच्या एकाच डोळ्याच्या बाहुलीत जाऊन बसली? मोजून मापून?

तो : बसते कधी कधी. तुला नाही माहीत, उजेड कसाही खेळतो.

ती : बरं. हा दुसरा बघा. हात धरून फेर धरलाय पोरांनी. पहिल्यात ती मध्ये होती. इथे पार कडेला आहे, वाकलेली. ठिपका कुठे आहे?

तो : तिथेच. डोळ्यात.

ती : धूळ चालत गेली तिच्याबरोबर?

तो : पाणी दे जरा.

ती : घ्या. सगळं प्या. आणि तो फेर बघा पुन्हा. डाव्या बाजूची पोरगी हात पुढे करून उभी आहे, आणि आपली तिचा हात धरत नाहीय. बाई म्हणाल्या, रोजच नाही धरत. आधी त्यांना वाटलं भांडण असेल. मग त्यांनी डाव्या बाजूनं हळूच खेळणं पुढे केलं. बघितलंच नाही तिनं.

तो : धांदरट आहे ती. दाराला नाही का धडकत.

ती : कुठल्या बाजूनं धडकते?

तो : असं कोण लक्षात ठेवतं?

ती : मी आज बालवाडीपासून घरापर्यंत तेवढंच आठवत आले. परवा दुधाचा पेला पाडला. डाव्या हाताला ठेवला होता. मी काय ओरडले माहीत आहे? दिसत नाही का गं, आंधळी आहेस का? असं ओरडले. चार शेजारणींना ऐकू जाईल असं.

तो : प्रत्येक आई ओरडते.

ती : खरं सांगा. तुमच्या फोटोंतही आलाय ना तो?

तो : मी तपासलं.

ती : काय तपासलं?

तो : धूळ शोधायची असली की पांढऱ्या भिंतीचा फोटो काढतात. कण असेल तर भिंतीवर उमटतो.

ती : मग?

तो : भिंत स्वच्छ आली.

ती : कधी केलंत हे?

तो : रविवारी. तू भाजी आणायला गेली होतीस. मग दुसरी लेन्स लावली, चांदणीला खिडकीशी बसवलं, काढला. मग चौकातल्या स्टुडिओवाल्याचा कॅमेरा मागून आणला. म्हटलं, आमचा बिघडलाय.

ती : त्यात?

तो : त्यातही.

ती : म्हणजे रविवारपासून तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही काच पुसत बसलात.

तो : हात रिकामे राहिले की डोकं चालायला लागतं गं.

ती : आणि रविवारच्या आधी?

तो : आधी काय?

ती : हा झोक्यावरचा फोटो. भिंतीवरचा. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस म्हणतं, डोळे काय काढलेत पोरीचे! यात ठिपका होता?

तो : बारीक होता.

ती : होता?

तो : होता. उडवला. अगं, सगळ्यांचेच उडवतो आपण. लाल डोळा आला, काळा केला. पांढरा आला, काळा केला. हात आपोआप चालतो. शाळेचे फोटो आले की शंभर-शंभर पोरं, कुणाचा डोळा कुणाला ते तरी—

ती : हा आपल्या पोरीचा होता.

तो : फ्लॅश चमकला असेल असं वाटलं.

ती : झोक्यावर, भर उन्हात, फ्लॅश? किती फोटोंतून उडवलास तू?

तो : 'तू' म्हणालीस.

ती : म्हणाले. तुझी आई समोर बसली असती तरी म्हणाले असते. किती?

तो : मोजले नाहीत. थंडीत तिला लाल टोपी आणली होती, तेव्हाचे फोटो काढले ना, तेव्हापासून. आधी कुठे एखाद्यात यायचा. मग दोन-चारांत. मग येतच राहिला.

ती : वाढत गेला.

तो : वाढत गेला म्हणून तर मला धूळ वाटली. धूळ साचत जाते.

ती : लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणारे खूप बघितले. स्वतःच्या डोळ्यांत ओंजळीनं फेकणारा तूच.

तो : बोल. बोलून घे.

ती : नाही बोलत. कुठल्या तोंडानं बोलू? तिला चांदणी कोण म्हणायला लागलं?

तो : तू.

ती : का?

तो : असंच. लाडानं.

ती : असंच नाही. संध्याकाळची वेळ होती, दिवा लावला नव्हता. मांडीवर घेऊन भरवत होते. तिनं मान वळवली आणि डाव्या डोळ्यात काहीतरी लकाकलं. मांजरीच्या डोळ्यासारखं. इतकं गोड दिसलं रे मला. मी तिला खिडकीशी नेलं, पुन्हा पुन्हा मान वळवायला लावली. ताईला फोन करून सांगितलं, माझ्या लेकीच्या डोळ्यात चांदणी आहे म्हणून. ठेवलेलं नाव मागे पडलं, सगळं घर हेच म्हणायला लागलं. तू निदान पुसलंस. मी त्याला लाडाचं नाव दिलं.

तो : तुला काय माहीत होतं?

ती : आणि तुला?

तो : मला असायला हवं होतं. माझा धंदा आहे तो. लाल डोळा का येतो, सांगितलंय ना तुला?

ती : फ्लॅशमुळे.

तो : फ्लॅशमुळे म्हणजे कसा? उजेड बाहुलीतून आत जातो. मागच्या पडद्यावर जाऊन आपटतो. तिथे रक्त आहे, म्हणून लाल होऊन माघारी येतो. लाल आला म्हणजे वाट मोकळी आहे. उजेड शेवटपर्यंत जाऊन आला. आयुष्यभर लोकांचे लाल डोळे काळे करत बसलो मी. घाण दिसतात म्हणून. आणि आज सकाळी तिचा फोटो उघडून बसलो होतो, म्हणत होतो, एकदा लाल येऊ दे. कितीही भेसूर येऊ दे, पण लाल येऊ दे.

ती : आणि पांढरा म्हणजे?

तो : म्हणजे वाटेत काहीतरी आहे.

ती : काय?

तो : मोतीबिंदू असेल. लहान पोरांनाही होतो म्हणतात. काढून टाकतात.

ती : बाई वेगळं म्हणाल्या.

तो : बाई काय डॉक्टर आहेत?

ती : नाहीत. त्यांच्या भाचीचं असंच फोटोत दिसलं होतं. पडद्यावर गाठ निघाली.

तो : हळू बोल.

ती : हळूच बोलतेय. गाठ. वेळेत नेलं तर पोर वाचते. कधी कधी डोळाही वाचतो. उशीर झाला तर डोळ्यामागच्या नसेतून मेंदूकडे सरकते. मग डोळ्याचं कुणी विचारत बसत नाही.

तो : ती भाची... आता कशी आहे?

ती : मी विचारलं नाही.

तो : का?

ती : बाईंनी पुढचं सांगितलं नाही म्हणून. उठ. फोन लाव.

तो : उद्या जाऊ आपण. सकाळी लवकर. शाळेच्या फोटोंचं काम देतात ना ते सर, त्यांचा भाऊ मोठ्या दवाखान्यात आहे. ओळख काढतो. ओळखीनं गेलं की नीट बघतात.

ती : आज.

तो : आज डोळ्यांचे डॉक्टर असतात की नाही ते तरी—

ती : म्हणून तर फोन लाव म्हणतेय.

तो : आणि सांगू काय? फोटोत ठिपका आला म्हणून सांगू? हसतील.

ती : हसू देत. असा हसलेला डॉक्टर मला चालेल. जे दिसलं ते सांग. काही उडवू नकोस त्यातलं.

तो : लागला... हॅलो? डोळ्यांचा विभाग का?... लहान मूल आहे. मुलगी. साडेतीन वर्षांची... नाही, लागलंबिगलं काही नाही. डोळा दुखत पण नाही तिचा... फोटोत. फोटोत एक बाहुली पांढरी दिसते... पांढरी, हो... डावी... नाही, एकाच फोटोत नाही. पुष्कळ... काही महिने झाले... थंडीपासून... नाही दाखवलं. कुणालाच नाही... मी? मी फोटोग्राफर आहे... हो, थांबतो...

ती : काय म्हणतायत?

तो : थांबा म्हणाली. कुणाला तरी विचारायला गेली... हॅलो. हो, आहे... नाही, तसं झाकून कधी बघितलं नाही... बरं... आत्ता?... बरं. निघतो.

ती : सांग.

तो : आधी म्हणाली पुढच्या आठवड्यात या. पांढरी म्हटल्यावर खोदून खोदून विचारलं. आत जाऊन आली. आता म्हणते, असेच निघा. डॉक्टर घरी जायला निघाले होते, ते थांबतायत.

ती : आपल्यासाठी?

तो : असंच म्हणाली.

ती : डॉक्टर कधी कुणासाठी थांबतात?

तो : नको ना विचारूस.

ती : आणखी?

तो : फोटो आणा म्हणाली. जितके असतील तितके, जुने सगळे. हात न लावलेले.

ती : आहेत?

तो : मूळ फोटो मी कधी पुसत नाही. सगळे आहेत. पहिला ठिपका कुठल्या फोटोत आला, ते त्यांना बघायचंय.

ती : आपल्यालाही कळेल मग.

तो : काय?

ती : किती दिवस आपण तिच्याकडे नुसते कौतुकानं बघत होतो ते.

तो : आणि निघायच्या आधी एकेक डोळा झाकून बघा म्हणाली. आधी एक, मग दुसरा. पोर काय करते ते येऊन सांगा.

ती : ते मी करते. तू समोर बस.

चांदणी : आई...

ती : आले आले. उठलं का माझं बाळ?

चांदणी : बाबा घरी? तू दुकानात नाही गेलास?

तो : नाही गं. आज दुकानाला सुट्टी.

चांदणी : दुकान झोपलं?

तो : झोपलं. तुझ्यासारखं तोंड उघडं टाकून झोपलंय.

चांदणी : मी नाही तोंड उघडं टाकत. तू टाकतोस. आई म्हणते, माशी जाईल.

ती : चला, तोंड धुऊ. आपल्याला बाहेर जायचंय.

चांदणी : बागेत?

ती : वाटेत लागते बाग.

चांदणी : झोका?

तो : येताना खेळू. खूप उंच.

ती : कबूल करू नकोस रे काही. किती वेळ लागेल कुणास ठाऊक.

तो : मग काय सांगू तिला?

ती : काहीच नको. तो चमचा घे हातात. नाही, मागे धर. लपव. इकडे ये गं राणी, बस माझ्या मांडीवर. बाबाकडे तोंड करून. एक गंमत करू. मी तुझा एक डोळा झाकायचा आणि तू सांगायचं, बाबानं काय धरलंय.

चांदणी : आणि सांगितलं तर?

ती : तर तुझी पाठ थोपटायची.

चांदणी : पाठ नको. बिस्कीट.

तो : बिस्कीट. ठरलं.

ती : हा झाकला. काय आहे?

चांदणी : चमचा! सोप्पंय. वाकडा चमचा.

ती : शाबास गं माझी. आता दुसरा झाकू हं.

चांदणी : नको.

ती : एकदाच.

चांदणी : नको ना, तो नको झाकूस! काढ हात!

तो : सोन्या, बघ की. बाबाच्या हातात आता काय आहे?

चांदणी : बाबा कुठाय?

तो : हा काय. तुझ्या समोर. हात लांब केलास तर नाक लागेल माझं.

चांदणी : बोलतोस. दिसत नाहीस. आई, काढ ना!

तो : खिडकी? खिडकीचा उजेड तरी दिसतो का, बाळा? जरासा?

ती : पुरे. काढला हं, काढला. संपलं सगळं. पुरे म्हटलं ना. तिची पाण्याची बाटली भर. फोटो घे.

चांदणी : मी हरले?

ती : कोण म्हणतं हरलीस?

चांदणी : तू चुकीचा झाकलास म्हणून. परत घे. हा बघायचा आहे. हा झाकायचा नसतो.

ती : आणि तो दुसरा?

चांदणी : हा? हा नुसता असायचा.

तो : मी गाडी काढतो.

ती : बिस्कीट दे तिला आधी.

तो : तू दे. मी गाडी काढतो.

चांदणी : बाबा रडतोय?

ती : नाही गं. घाई झालीय त्याला. हात वर कर, बाही घालू दे.

चांदणी : बाबाचा पण एक बघायचा आणि एक नुसता?

ती : दुसरा हात. मूठ मिट, म्हणजे अडकणार नाही.

चांदणी : आई.

ती : काय रे राजा?

चांदणी : तुझा बघायचा कुठला?